चरबी काढायची? आधी नीट विचारा!

लग्नसराई जवळ आली की गावोगावी एक ठरलेलं बोलणं सुरू होतं. टेलरकडे ब्लाऊजचं माप द्यायला गेलं, की टेप दोन इंच पुढे सरकते. भिशीला गेलं, की कुणीतरी पोटाकडे बघत "काय गं, बरीच सुटलीस!" असं हसत हसत म्हणून जातं. म्हणणारी विसरते, ऐकणारी विसरत नाही. आणि रात्री सगळं आवरून मोबाइल हातात घ्यावा, तर नेमकी तीच जाहिरात समोर! 'एका दिवसात चरबी गायब. टाके नाहीत, त्रास नाही, हप्त्यांची सोय.'

पूर्वी ही भानगड सिनेमातल्या नट्यांची, असं आपण म्हणायचो. आता तसं राहिलेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा लायपोसक्शनचे बोर्ड लागले आहेत. शिक्षिका, बँकेत नोकरी करणारी, दोन मुलांची आई, लग्नाची मुलगी, अशा आपल्यातल्याच बायका चौकशी करताना दिसतात. करावं की करू नये, हे सांगायला मी बसलेली नाही. शरीर जिचं, निर्णय तिचा. पण साडी घेताना आपण दहा दुकानं पालथी घालतो, पदर उलगडून बघतो, रंग जाईल का विचारतो. मग स्वतःच्या पोटात नळी घालून घेण्याआधी चार प्रश्न विचारायला नकोत का?

लायपोसक्शन म्हणजे नेमकं काय?

आपल्या त्वचेच्या खाली चरबीचा एक थर असतो. पोट, कंबर, मांड्या, दंड, हनुवटी अशा ठिकाणी तो जास्त साठतो. लायपोसक्शनमध्ये त्वचेला बारीक छिद्र पाडून पोकळ नळी आत घालतात, ती मागेपुढे फिरवून चरबी सुटी करतात आणि यंत्राने ओढून घेतात. छिद्र लहान असतं म्हणून ऑपरेशन लहान, असा आपला समज होतो. पण बाहेरून दिसतं ते छिद्र, आत केवढी तरी जागा सोलवटलेली असते. काही डॉक्टर लेझर किंवा ध्वनिलहरी वापरून आधी चरबी सैल करतात. तरी शेवटी ती नळीनेच ओढायची असते. 'लेझर' म्हटलं म्हणून ते ऑपरेशन नाही, असं होत नाही.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये एका फ्रेंच सर्जनने एका तरुण नर्तिकेच्या पायावरची चरबी खरवडून काढायचा प्रयत्न केला. पाय सुंदर दिसावा एवढीच इच्छा होती. पण जखम सडली आणि शेवटी तिचा पायच कापावा लागला. त्यानंतर कितीतरी वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. १९७० च्या दशकात रोममध्ये फिशर पितापुत्रांनी आणि पॅरिसमध्ये डॉ. इलूझ यांनी नळीने चरबी ओढण्याची पद्धत बसवली. मग १९८७ साली अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री क्लाइन यांनी एक मोठी सुधारणा जगापुढे मांडली. चरबीच्या थरात आधी भरपूर सलाईन, त्यात भुलीचं औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रिनलिन सोडायचं, म्हणजे जागा बधिर होते आणि रक्तस्राव खूप कमी होतो. आजही बहुतेक ठिकाणी याच धर्तीवर काम चालतं. म्हणजे पद्धत पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाली, हे खरंच. पण 'त्रास नाही' म्हणण्याइतकी सोपी ती कधीच झाली नाही.

हे वजन उतरवण्याचं ऑपरेशन नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज हाच! वजनकाट्यावर ऐंशी किलो असलेली बाई लायपोसक्शन करून साठ किलोची होत नाही. एका वेळी किती काढायचं याला मर्यादा असते. पाच लिटरच्या वर काढलं, की ते 'मोठं' लायपोसक्शन समजलं जातं. मग ते सगळ्या सोयी असलेल्या हॉस्पिटलमध्ये किंवा मान्यताप्राप्त केंद्रातच करावं आणि रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवावं, असा अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेचा सल्ला आहे. बरं, बाटलीत पाच लिटर दिसलं म्हणजे पाच किलो चरबी गेली का? तर नाही. त्यात आत सोडलेलं सलाईन आणि थोडं रक्तही असतं. शिवाय एक लिटर चरबीचं वजन साधारण नऊशे ग्रॅम. हिशेब तुम्हीच करा!

खरं तर हे ऑपरेशन आकार नीट करण्यासाठी आहे. जिचं वजन बऱ्यापैकी आटोक्यात आहे, काही महिने स्थिर आहे, त्वचा ताठ आहे, पण व्यायाम करूनही एखाद्या जागेची चरबी हटत नाही, तिला याचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट पोटाची. पोटात चरबी दोन ठिकाणी असते. एक चिमटीत धरता येते ती, त्वचेखालची. दुसरी आत, आतडी आणि यकृताच्या भोवती. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्याशी जास्त संबंध या आतल्या चरबीचा. आणि नळी तिथे पोचत नाही, पोचूही नये! जिचं पोट घट्ट, माठासारखं पुढे आलेलं असतं आणि चिमटीत फारसं काही येत नाही, तिच्या पोटातली चरबी आतली असते. तिला लायपोसक्शनचा काय फायदा?

२००४ साली अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लायपोसक्शन करून प्रत्येकीची सरासरी जवळपास दहा किलो चरबी काढली होती. वर सांगितलेल्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे, मोठ्या हॉस्पिटलात, मुद्दाम अभ्यासासाठी. दहाबारा आठवड्यांनी तपासलं तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि शरीर इन्सुलिनला कसा प्रतिसाद देतं, यात काहीच सुधारणा नव्हती. तेवढीच चरबी चालून, जेवणावर ताबा ठेवून उतरली असती, तर शुगर नक्की खाली आली असती. तेव्हा 'ऑपरेशन केलं की माझी शुगरची गोळी सुटेल' या आशेवर कुणी जाऊ नये.

आणि गेलेली चरबी परत येते का? काढलेल्या पेशी परत येत नाहीत, हे खरं. पण २०११ सालच्या कोलोरॅडोमधल्या एका अभ्यासात वेगळीच गोष्ट दिसली. ज्या स्त्रियांच्या मांड्यांवरची चरबी काढली होती, त्यांच्या मांड्या बारीकच राहिल्या, पण वर्षभरात शरीरातली एकूण चरबी पूर्वीइतकी झाली. ती जास्त करून पोटावर जमा झाली! म्हणजे ऑपरेशननंतरही चालणं आणि ताटाकडे बघणं सुटत नाही.

बाळंतपणानंतरचं पोट ही तर तिसरीच गोष्ट. गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दूर जातात, त्वचा ताणली जाते. कित्येकींचे स्नायू नंतर पूर्ण जवळ येत नाहीत. अशा पोटातली चरबी ओढली, तर त्वचा आणखी लोंबते. स्नायू शिवून जादा त्वचा काढण्याचं ऑपरेशन वेगळं आणि मोठं असतं. आपल्याला यातलं काय लागू आहे, हे डॉक्टरांनी पोट तपासूनच सांगायला हवं, व्हॉट्सॲपवर फोटो मागवून नव्हे. आणि अजून मूल हवं असेल, तर या दोन्ही गोष्टी पुढे ढकललेल्या बऱ्या.

धोका किती, कसला?

धोका आहे म्हटलं की काही जणी घाबरतात, काही जणी कानाडोळा करतात. दोन्ही नकोत. आकडा समजून घेऊ या. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात झालेल्या सुमारे पाच लाख लायपोसक्शनची माहिती सर्जनांकडून गोळा करून २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात ९५ मृत्यू होते. म्हणजे साधारण पाच हजारांत एक. आकडा जुना आहे, नंतर काळजीही वाढली. पण आजारी नसलेल्या, धडधाकट बाईने हौसेने करून घेतलेल्या ऑपरेशनच्या मानाने तो लहान म्हणता येईल का? त्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण होतं पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकणं.

इतर धोकेही आहेत. नळी चुकून पोटाच्या आतल्या थरात घुसली तर आतड्याला छिद्र पडू शकतं. चरबीचे कण रक्तात मिसळून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात. आत सोडलेलं पाणी आणि शिरेतून दिलेलं सलाईन यांचा हिशेब चुकला तर फुप्फुसात पाणी साठतं. भुलीचं औषध प्रमाणाबाहेर गेलं तर मेंदूवर आणि हृदयावर परिणाम होतो. जंतुसंसर्ग, त्वचेखाली पाणी साठणं, खड्डे आणि उंचवटे पडणं, दोन्ही बाजू सारख्या न दिसणं, जागा कित्येक महिने बधिर राहणं हे त्रासही होतात.

मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज या कन्नड मालिकांत काम करणाऱ्या अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. वय होतं अवघं एकवीस. घरी आईवडिलांना आधी सांगितलेलं नव्हतं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. कोण चुकलं, कोण बरोबर, तो भाग वेगळा. मला त्या बातमीतलं 'घरी सांगितलं नव्हतं' एवढंच डोक्यातून जात नाही. कारण आपल्याकडेही बायका हे चोरूनच करायला निघतात. नवरा हसेल, सासूबाई बोलतील, शेजारीपाजारी चर्चा करतील म्हणून. 'मैत्रिणीकडे दोन दिवस जाऊन येते' असं सांगून जायचं आणि पट्टा बांधून यायचं. मग रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं, तर शेजारी झोपलेल्या माणसाला काय सांगणार? पित्त झालं म्हणणार?

डॉक्टर कोण, जागा कुठली?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. वय अडतीस, दोन्ही वेळेस सिझेरियन. पाटल्या गहाण ठेवून पैसे उभे करायचे, हे ठरलं होतं. जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला तर पलीकडून एकच उत्तर, "ॲडव्हान्स भरा, शनिवारी या." ना वजन विचारलं, ना आजार. सुदैवाने पैसे भरण्याआधी त्या माझ्याशी बोलल्या. मी म्हटलं, "ताई, आधी दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवू, मग ठरवा." शहरातल्या एका प्लास्टिक सर्जनकडे आम्ही दोघी गेलो. त्यांनी ताईंना झोपवून पोट दाबलं, खोकायला सांगितलं, उठून बसायला सांगितलं. सिझेरियनच्या जुन्या टाक्यांच्या जागी हर्निया होता! पोटाची भिंत तिथे फाटलेली, आतडं वर येत होतं. ताईंना इतकी वर्षं ती चरबीची गाठच वाटत होती. डॉक्टर म्हणाले, "इथे नळी घातली असती, तर आतडं फुटलं असतं." आधी हर्निया, थायरॉइडची तपासणी, वजन, मग बाकीचं बघू, असं ठरलं. पाटल्या हातातच राहिल्या. हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि ताई आता रोज सकाळी तलावाच्या बाजूला चालायला जातात.

म्हणून म्हणते, पहिली भेट सर्जनचीच हवी, काउन्सेलर म्हणून बसवलेल्या मुलीची नव्हे. पदवी विचारायला लाजू नका. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएसनंतर एम.एस. आणि पुढे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी असं शिकलेला डॉक्टर. बोर्डावर 'कॉस्मेटिक', 'एस्थेटिक' असे शब्द कुणीही लिहितं, ती काही पदवी नव्हे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येते. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजला जाणारी मुलगी दोन मिनिटांत काढून देईल. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केस रोवण्याच्या बाबतीत डॉक्टरांना बजावलं, की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून अशा शस्त्रक्रिया सुरू करू नयेत. आयोगाला हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं!

जागाही बघा. ऑपरेशन थिएटर आहे का, नर्सिंग होमची नोंदणी आहे का? भूल द्यायला स्वतंत्र भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का? काही बिनसलं तर आयसीयू कुठे आणि किती अंतरावर? ही उत्तरं गुळमुळीत आली, तर उठून यावं. पार्लरच्या मागच्या खोलीत तर असलं काही करूच नये, मग ते 'चरबी विरघळवणारं इंजेक्शन' का असेना.

डॉक्टरांपासून काय लपवू नये

आपण बायका डॉक्टरांनाही अर्धंच सांगतो. इथे तसं करणं महागात पडतं.

मिश्री लावता? सांगा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, त्वचा काळी पडू शकते. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे ती पूर्ण बंद हवी. पाळणा लांबवायच्या किंवा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चालू आहेत? सांगा, त्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. सणासुदीला पाळी पुढे ढकलायची गोळी आपण चिंचेसारखी खातो, आठवा जरा! रक्त पातळ करणारी गोळी, ॲस्पिरिन, अंगदुखीच्या गोळ्या, काढे, चूर्ण, वजन कमी करायच्या पावडरी, सगळं सांगा. पण चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधीची ऑपरेशनं, औषधाची ॲलर्जी, घरात कुणाला पायात गुठळी झाली होती का, हेही सांगा.

रक्ताची तपासणी तर हवीच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे आपल्यातल्या दोघींत एक! हिमोग्लोबिन कमी असताना हौसेचं ऑपरेशन कशाला? आधी रक्त वाढवावं. साखर, थायरॉइड, ईसीजीही करून घ्यावा.

सही म्हणजे नुसती सही नव्हे

ऑपरेशनच्या दिवशी गाऊन घालून, घशाला कोरड पडलेली असताना हातात कागद येतो आणि "इथे इथे सही करा" असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा कागद इंग्रजीत. आपण करतो सही.

जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. एक बाई पाळीच्या तक्रारीसाठी दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितलं, जिवावर बेतलेलं नसताना अशी संमती चालत नाही. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर येणारी असेल तर संमती तिचीच हवी. आणि त्याआधी काय करणार, कशासाठी, दुसरे उपाय कोणते, मोठे धोके कोणते, हे तिला सांगितलेलं असायला हवं.

तेव्हा संमतिपत्र आदल्या दिवशीच मागून घ्या. मराठीत समजावून मागा. कोणकोणत्या जागेची चरबी काढणार, हे त्यात लिहिलेलं हवं. "पोटाबरोबर दंडही करून टाकू" असं ऐन वेळी ठरायला नको. खर्चही लेखी घ्या. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, औषधं, पट्टा, नंतरच्या भेटी, सगळं मिळून किती? काही बिघडलं आणि आयसीयूत राहावं लागलं तर तो खर्च कुणाचा? दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम सहसा पैसे देत नाही, हे ध्यानात असू द्या. आणि हप्त्याची सोय म्हणजे कर्जच, ते नंतर आपणच फेडायचं असतं.

घरी परतताना आणि परतल्यावर

आपण छोट्या गावातल्या बायका ऑपरेशनला पुण्या-मुंबईला, नाशिक-नागपूरला जातो आणि लगेच एसटीने परत यायला बघतो. हे करू नये. एक तर तासन् तास पाय खाली सोडून बसल्याने गुठळीचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे, या पद्धतीत चरबीत सोडलेलं भुलीचं औषध हळूहळू रक्तात येतं आणि साधारण बारा तासांनी त्याचं प्रमाण सर्वांत जास्त असू शकतं. म्हणजे सकाळी ऑपरेशन, तर रात्री! त्या वेळी तुम्ही घाटात बसमध्ये असून कसं चालेल? डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याच शहरात राहा, सोबत एक जाणतं माणूस असू द्या.

पहिले एकदोन दिवस छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपतं, काळेनिळे डाग पडतात, अंग ठणकतं. याला घाबरू नये. सुजेमुळे सुरुवातीला पोट उलट जास्तच दिसतं. घट्ट पट्टा साधारण चार ते सहा आठवडे वापरावा लागतो. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे पुढच्या महिन्यातल्या लग्नासाठी आत्ता ऑपरेशन, हा बेतच चुकीचा. नुसतं पडूनही राहू नये. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्याच दिवसापासून घरातल्या घरात चालावं. जड हंडे, कळशा, गादी उचलणं मात्र काही आठवडे बंद. म्हणजे घरातल्यांना सांगावंच लागणार!

कुणासाठी करायचं?

शेवटचा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, स्वतःला विचारायचा. मुलगी पाहायला आलेले लोक "थोडी जाड आहे" म्हणून गेले, म्हणून आईच तिला घेऊन निघते, असंही आता होतं. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला आपण काय शिकवतो मग? तुझ्या शरीरातून दोन लिटर काढले की तू पसंत पडशील? आणि जो मुलगा दोन लिटरवर अडतो, तो पुढे बाळंतपणानंतर काय म्हणेल?

याउलट स्वतःला बरं वाटावं म्हणून, माहिती घेऊन, आपल्या कमाईतून कुणी हे करत असेल, तर तिला नावं ठेवायचंही कारण नाही. ती मौजेखातर गेली म्हणून हसणाऱ्या आपणच उद्या दुसऱ्या मैत्रिणीला चोरून जायला भाग पाडतो. चेष्टा थांबवली, तर बायका उघडपणे विचारतील. विचारतील तर वाचतील, इतकं हे सरळ आहे.

डॉक्टरांना हे दहा प्रश्न विचारा

१. माझ्यासाठी लायपोसक्शनच योग्य आहे का? दुसरा उपाय कोणता?
२. तुमची प्लास्टिक सर्जरीची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय?
३. ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की दुसरं कुणी?
४. किती लिटर काढणार, कुठल्या जागेचं?
५. भूल कोणती, भूलतज्ज्ञ कोण?
६. मला हर्निया, रक्त कमी असणं, थायरॉइड यांपैकी काही नाही ना, हे तपासलं का?
७. पायात गुठळी होऊ नये म्हणून काय करणार?
८. काही बिघडलं तर कुठल्या आयसीयूत नेणार?
९. एकूण खर्च किती, लेखी द्याल का?
१०. रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा?

यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका

दम लागणं, छातीत दुखणं, एकाच पायाची पोटरी सुजणं किंवा दुखणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, सारख्या उलट्या, लघवी कमी होणं, त्वचा काळी पडणं किंवा फोड येणं, ओठांभोवती मुंग्या येणं, कानात आवाज, असंबद्ध बोलणं. यातलं एकही लक्षण दिसलं, तर सर्जनला फोन करा आणि त्याच वेळी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा, किंवा १०८ नंबरला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. आणि तिथल्या डॉक्टरांना 'लायपोसक्शन झालंय' हे पहिल्या वाक्यात सांगा. लाज नंतर वाटली तरी चालेल.